व्हिएन्नातली आपली रिकामी खुर्ची

आज 29 ऑगस्ट, अणुचाचण्यांविरोधी आंतरराष्ट्रीय दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो 2009 मध्ये ठरवला. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत आजही नेहमीच्या वेळी पाळी लागेल, आणि या दिनाची कुणाला आठवण राहील असे वाटत नाही. ठाणेकरांनी तरी ती ठेवावी. ठाण्याच्या खाडीच्या आपल्याच काठाने दक्षिणेकडे गेले की भाभा अणुसंशोधन केंद्राचे ट्रॉम्बे लागते. पोखरणच्या वाळवंटात 1974 आणि 1998 साली जे फुटले, त्याची तयारी तिथे झाली होती.

तारीख मात्र कझाकस्तानातून आली आहे. सोव्हिएत संघाने पहिला अणुबॉम्ब 29 ऑगस्ट 1949 रोजी सेमिपलाटिन्स्कजवळच्या गवताळ मैदानावर फोडला. पुढच्या चाळीस वर्षांत तिथे 456 चाचण्या झाल्या. फेब्रुवारी 1989 मध्ये ओल्झास सुलेमेनोव्ह या कवीला दूरचित्रवाणीवर कविता वाचायला बोलावले होते. कविता बाजूला ठेवून त्याने चाचणीस्थळावरून किरणोत्सार बाहेर पडल्याचे निवेदन वाचले आणि लोकांना एकत्र येण्याची हाक दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने अडीच वर्षांत ते मैदान बंद पाडले, तेही 29 ऑगस्टलाच, 1991 मध्ये. महासत्तेचे चाचणीस्थळ बंद करायला लावणारा कवी आमच्या तरी ऐकिवात दुसरा नाही.

आपला या विषयाशी संबंध त्याहून जुना आहे. मार्च 1954 मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवरचे 23 खलाशी त्या राखेने भाजले आणि त्यांतला एक सप्टेंबरात गेला. चाचणीनंतर महिनाभरात, 2 एप्रिलला, नेहरूंनी लोकसभेत चाचण्या जागच्या जागी थांबवण्याची मागणी केली. ही मागणी इतक्या स्पष्टपणे मांडणारे ते जगातले पहिले सरकारप्रमुख. भाषणावर ते थांबले नाहीत. अणुस्फोटांच्या परिणामांवर सरकारने शास्त्रज्ञांकडून पुस्तक लिहून घेतले आणि 1956 मध्ये ते नेहरूंच्या प्रस्तावनेसह निघाले. किरणोत्साराचे दुष्परिणाम तपासायला संयुक्त राष्ट्रांनी 1955 मध्ये पंधरा देशांची वैज्ञानिक समिती नेमली. तिच्यावर भारताच्या वतीने गेले ते टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर. कर्करोगाच्या पेशी पाहण्यात आयुष्य घालवलेला माणूस बॉम्बच्या राखेचा हिशेब मांडायला बसला, ही निवड अचूक होती. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनीही त्याच दशकात हवेतून आणि पावसातून उतरणारी ही राख मोजायला सुरुवात केली.

ते मोजणे किती गरजेचे होते, हे 1962 सालावरून कळते. त्या वर्षी 1 ऑगस्टला याच वागळे इस्टेटमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात झाली. त्याच वर्षी जगात 178 अणुस्फोट झाले, म्हणजे सरासरी दर दोन दिवसांना एक, आणि त्यांतले कित्येक उघड्या हवेत. इथल्या शेडवर पडणाऱ्या पावसातही त्या स्फोटांचा अंश होता. पुढच्या वर्षी मॉस्कोत हवा, पाणी आणि अवकाश यांतल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला आणि भारताने त्यावर लगेच सही केली. जमिनीखालच्या चाचण्या मात्र सुटल्या. त्या सुटल्या, कारण खोल खाणीतला स्फोट दुरून ओळखता येईल याची खात्री तेव्हा कुणी द्यायला तयार नव्हते. निदान तसे सांगितले गेले.

आपण 1974 मध्ये याच मोकळ्या राहिलेल्या दाराने आत गेलो. कराराचा भंग झाला नाही, पण चाचण्या थांबवा असे सांगणारा देश त्या दिवसापासून चाचणी करणारा देश झाला. पुढे 1996 मध्ये सर्वंकष बंदीचा करार आला, तेव्हा त्याला नाही म्हणणाऱ्यांत आपण पुढे होतो. जिनिव्हातल्या वाटाघाटींत मुंबईत जन्मलेल्या राजदूत अरुंधती घोष यांनी आपली बाजू निर्भीडपणे मांडली. ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांनी ते ठेवायचे, प्रयोगशाळेत सुधारायचे आणि इतरांनी फक्त हात बांधून घ्यायचे, हा सौदा भारताला मान्य नव्हता. वर ज्या 44 देशांच्या मान्यतेशिवाय करार लागू होणार नाही, त्यांत भारतालाही न विचारता बसवले होते. ट्रॉम्बेतल्या ‘अप्सरा’सारख्या अणुभट्ट्या आपल्याकडे होत्या, हे त्याचे एक कारण. घोष यांचा युक्तिवाद तेव्हा बरोबर होता आणि आजही तो खोडता येत नाही. 10 सप्टेंबर 1996 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 158 देश बाजूने उभे राहिले. विरोधात भारत, भूतान आणि लिबिया.

आमचा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. करार नाकारताना आपण त्याच्यासोबत उभ्या राहिलेल्या मोजणीच्या यंत्रणेकडेही पाठ फिरवली.

करार अजून लागू झालेला नाही. त्याची यंत्रणा मात्र व्हिएन्नातून चालते आहे. नियोजित 337 ठिकाणांपैकी बहुतेक कार्यरत आहेत. 170 ठिकाणी भूकंपमापक जमिनीच्या लहरी नोंदवतात, 11 केंद्रे समुद्रातले आवाज टिपतात, 60 केंद्रे कानाला न ऐकू येणारे हवेतले सूक्ष्म कंप पकडतात आणि 80 केंद्रे हवा गाळून किरणोत्सारी कण शोधतात. भूकंपात खडक एकमेकांवरून सरकतो, स्फोटात तो एकाच वेळी सगळीकडे ढकलला जातो. दोन्हींच्या लहरींचा आकार त्यामुळे वेगळा पडतो. 2006 मध्ये उत्तर कोरियाने एका किलोटनपेक्षाही लहान स्फोट केला. तो तत्काळ नोंदला गेला आणि साधारण दोन आठवड्यांनी त्यातून सुटलेला झेनॉन वायू कॅनडातल्या यलोनाइफ केंद्रात सापडला. फुकुशिमा अणुप्रकल्पातली गळती याच केंद्रांनी जगभर टिपली. हिंदी महासागरातल्या पिग्मी ब्लू व्हेलचा एक अज्ञात कळप याच समुद्री नोंदींतून शास्त्रज्ञांना कळला. बॉम्बसाठी बांधलेल्या यंत्रणेने देवमासे शोधावेत, हा नियतीचा बरा विनोद.

यंत्रणा परिपूर्ण नाही आणि त्याचा पुरावा आपणच दिला. 13 मे 1998 रोजी एक किलोटनहून कमी क्षमतेचे दोन स्फोट केल्याचे भारताने जाहीर केले. परदेशी भूकंपमापकांवर त्यांची खूण उमटली नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकी सिनेटने 51 विरुद्ध 48 मतांनी करार फेटाळला, तेव्हा लहान चाचण्या पकडता येत नाहीत हा मुद्दा विरोधकांच्या हातात होता.

11 मे 1998 च्या मोठ्या स्फोटाची गोष्ट आणखी अवघड आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने हायड्रोजन बॉम्बची ताकद सुमारे 45 किलोटन सांगितली. परदेशी भूकंपशास्त्रज्ञांनी त्या दिवसाच्या स्फोटांची ताकद बरीच कमी काढली. 2009 मध्ये त्या चाचण्यांत सहभागी असलेल्या के. संथानम यांनीच तो बॉम्ब अपेक्षेइतका फुटला नाही असे उघड म्हटले. ज्येष्ठ अणुशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार यांनाही शंका होती. अनिल काकोडकर आणि आर. चिदंबरम या अणुशास्त्रज्ञांनी ती ठामपणे फेटाळली. कोण बरोबर, याचा निवाडा आम्ही करणार नाही. पण वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही लेथवाल्याला एक गोष्ट विचारून पाहा. जॉब त्याने स्वतः मायक्रोमीटर लावून पास केला, तरी पार्टी आपला इन्स्पेक्टर पाठवतेच, आणि मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशनचे सर्टिफिकेटही मागते. त्यात कारागिराचा अपमान कुणाला वाटत नाही. पोखरणच्या मालाचा असा तिऱ्हाइताने केलेला रिपोर्ट आपल्याकडे नाही, आणि म्हणून तो वाद आजही मिटलेला नाही.

हा जुना वाद आता महत्त्वाचा ठरतो. रशियाने नोव्हेंबर 2023 मध्ये कराराला दिलेली आपली मान्यता मागे घेतली. ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी चाचण्या सुरू करण्याचे आदेश दिल्याचे जाहीर केले. अमेरिकेची शेवटची चाचणी 1992 ची आहे आणि चीनने सही करूनही करार मंजूर केलेला नाही. या तिघांपैकी एकाने बटण दाबले, तर दिल्लीतही संथानम यांचे नाव काढून आणखी एका चाचणीची मागणी होईल. वाजपेयींनी 1998 मध्ये जाहीर केलेली स्वेच्छेची चाचणीबंदी आजवर प्रत्येक सरकारने पाळली, याचे श्रेय त्या सगळ्यांना आहे. ती मोडण्यात भारताचा फायदा आम्हाला दिसत नाही. चाचणी करणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहिलो, तर सगळ्यात जास्त चाचण्या करून बसलेले देशच आणखी पुढे जातील.

तेव्हा करायचे काय? सही करा, असे आम्ही म्हणत नाही. घोष यांचे आक्षेप जसेच्या तसे आहेत. पण कर्नाटकातल्या गौरीबिदनूर येथे 1965 पासून भाभा केंद्राचे भूकंपमापकांचे जाळे आहे, आणि ते जमिनीखालचे अणुस्फोट ओळखण्यासाठीच बांधले होते. म्हणजे मोजणारी माणसेही आपल्याकडे आहेत आणि साधनेही. व्हिएन्नातल्या या यंत्रणेत निरीक्षकाचा दर्जा घ्यायला सहीची अट नाही. करारावर सही न केलेल्या पाकिस्तानने तो घेतला आहे. तो भारताने घ्यावा, गौरीबिदनूरच्या नोंदी जगाच्या नोंदींशी जोडाव्यात आणि त्या बदल्यात सगळ्या केंद्रांची माहिती आपल्या शास्त्रज्ञांना मिळवून द्यावी. त्यासाठी एकही धोरण बदलावे लागत नाही. परराष्ट्र खात्याने हा निर्णय पुढच्या 29 ऑगस्टची वाट न पाहता घ्यावा.