मावशींच्या शिकण्याचे तास पगारात धरा!

वृद्धाश्रमांचे चालक व विश्वस्त, समाजकल्याण खात्याचे अधिकारी आणि ज्यांचे आईवडील आज एखाद्या आश्रमात आहेत अशा सर्वांसाठी जाहीर पत्रक

वृद्धाश्रम बघायला आलेलं कुटुंब काय विचारणार, हे कोणत्याही चालकाला पाठ असतं. लिफ्ट आहे का, संडास खोलीला लागून आहे का, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, डिपॉझिट परत मिळतं का. कोणी बागेतला झोपाळासुद्धा हलवून बघतं. मात्र ज्या मावशींच्या किंवा मामांच्या हाती आईला सोपवून आपण संध्याकाळी घरी परतणार, ते आपल्या कामातलं काही नवीन शेवटचं कधी शिकले, हे विचारलं जात नाही. चालकही आपणहून सांगत नाहीत, कारण सांगण्यासारखं फारसं नसतं. सर्रास पद्धत अशी: नवी बाई येते, दोन दिवस जुनीच्या मागे फिरते आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावर सहा-सात जणांची आंघोळ, जेवण, लंगोट, औषधं येऊन पडतात. जुनीला जे येतं ते नवीला येतं, जुनीच्या चुकांसकट.

आमची मागणी एकच आहे. आश्रमात अंगाला हात लावून काम करणाऱ्या प्रत्येकाला वर्षाला किमान 12 तास शिक्षण मिळावं, ते ड्युटीच्या वेळेत मिळावं आणि त्या तासांचा पूर्ण पगार मिळावा.

"यात शिकायचं काय? म्हातारी माणसं घरोघर सांभाळली जातात," असं बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतं. तर ऐका.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर किंवा टाचेवर लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबायचं असतं. दाबल्यावर तो क्षणभर फिका पडला तर वेळ अजून हातात आहे. पडला नाही तर बेडसोअरची सुरुवात झाली. सावळ्या अंगावर ही लाली नीट दिसतही नाही, म्हणून जागा गरम लागते का, कडक लागते का हे हातानंच पाहावं लागतं. ज्यांना हे कोणी शिकवलेलं नाही त्या मावशी तिथं मायेनं तेल लावून खसखसून चोळतात आणि आधीच दुखावलेली कातडी आणखी बिघडते. कूस वरचेवर बदलायची हे बहुतेकींनी ऐकलेलं असतं. पण माणसाला गादीवरून ओढायचं नाही, खाली चादर घालून दोघींनी मिळून उचलून सरकवायचं, हे तोंडानं सांगून भागत नाही. करून दाखवावं लागतं, मग करून घ्यावं लागतं, आणि सहा महिन्यांनी परत एकदा पाहावं लागतं, कारण घाईत हात जुन्या सवयीवर जातात.

आडवं असतानाच तोंडात घातलेली पेज श्वासनलिकेत उतरू शकते. ठसका लागेलच असं नाही. काही दिवसांनी ताप येतो, निमोनिया निघतो आणि वयाचा दोष म्हणून सगळे गप्प बसतात. ताठ बसवून भरवणं आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं न करणं, याला यंत्र लागत नाही की पैसा लागत नाही. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात. गिळायला त्रास होतो म्हणून त्या खलात कुटून दिल्या की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. शांत स्वभावाचे आजोबा एका रात्रीत बरळू लागले, कपडे ओढू लागले, तर "भ्रमिष्ट झाले" म्हणून सोडून द्यायचं की लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, कमी पडलेलं पाणी किंवा नुकतंच बदललेलं औषध यांचा संशय घेऊन त्याच रात्री कळवायचं? गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरांच्या आधी हा बदल दिसतो तो मावशींना. त्यांना काय पाहायचं हे ठाऊक नसेल तर डॉक्टरही आंधळेच.

आणि स्मृतिभ्रंश. देशव्यापी पाहणीच्या आधारे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या शंभरांपैकी सात-साडेसात माणसांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे 88 लाख. घरी सांभाळणं अशक्य झालं की यातल्या कित्येकांची वाट आश्रमाकडे वळते. वारलेल्या नवऱ्याची रोज दुपारी वाट पाहणाऱ्या आजींना "अहो, ते गेले, दहा वर्षं झाली" असं खरं सांगणं म्हणजे त्यांना रोज नव्यानं विधवा करणं. मग बोलायचं काय? त्यांना घरच्यांविषयी बोलतं करायचं, हाताला काम द्यायचं, विषय अलगद दुसरीकडे न्यायचा. हे उपजत येत नाही. येत असतं तर हात पलंगाला बांधून ठेवलेली माणसं आश्रमांतून पाहायला मिळाली नसती.

आता "सेवाभाव" या शब्दाबद्दल. चालकांच्या भाषणांत तो इतक्या वेळा येतो की मावशींच्या पगाराचा विषय काढायला लाज वाटावी. जागतिक महिला दिनी त्यांना शाल-श्रीफळ मिळतं, दिवाळीला साडी मिळते, फोटो निघतो. आमचा साडीला विरोध नाही. पण सेवाभाव असलेल्या बाईनंच त्या लाल डागावर तेल चोळलं होतं, हेही लक्षात ठेवा.

डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत 30 गुण मिळतील इतकं नवं शिक्षण घ्यावं लागतं. महिन्यातून काही मिनिटं रोग्याला पाहणाऱ्यानं शिकत राहायचं आणि त्याच माणसाजवळ रोज बारा तास असणाऱ्यानं नाही, हा न्याय कुठला?

कायद्याचं म्हणाल तर तो अर्ध्या वाटेवर थांबलेला आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा 2007 चा कायदा सांगतो की राज्य सरकार टप्प्याटप्प्यानं वृद्धाश्रम उभारू शकतं, सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान 150 निराधार वृद्धांसाठी. तिथल्या सोयींचा दर्जा ठरवण्याचा अधिकारही त्यात राज्याला आहे. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात ज्येष्ठांच्या निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती. विधेयक समितीकडे गेलं, पडून राहिलं आणि 2024 मध्ये लोकसभेबरोबर मावळलं. आमच्या राज्यात 1949 पासून शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आहे. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्यांना ठेवून जिथं उपचार आणि शुश्रूषा होते, ती जागा त्याच्या व्याख्येत बसते. ज्या आश्रमाचा अर्धा मजला खाटेवरच्या माणसांनी भरलेला आहे, नळीवाटे अन्न दिलं जातं, लघवीच्या पिशव्या लटकलेल्या आहेत, तो आश्रम "आम्ही फक्त राहायची सोय करतो" असं कोणत्या तोंडानं सांगतो? खात्यानं याचं उत्तर लेखी द्यावं.

पुण्यातल्या आश्रमांत अशा कितीतरी आज्या आहेत ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत. त्यांच्यापैकी कोणी पेनसिल्व्हेनियात असेल तर त्यानं शेजारच्या पर्सनल केअर होममध्ये चौकशी करावी. त्या राज्याच्या नियमांनुसार थेट देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला दर वर्षी 12 तास आणि व्यवस्थापकाला 24 तास शिक्षण घ्यावंच लागतं. पडण्यापासून बचाव, संसर्ग, स्मृतिभ्रंश, रहिवाशांचे हक्क हे विषयही नियमांतच लिहिलेले आहेत. तिथं सगळं आलबेल आहे असं आम्ही म्हणत नाही. पण नोंदवही ठेवावी लागते, आणि तपासनीस ती मागू शकतो. आमच्याकडे मागायला वहीच नाही.

"शिकवलं की जास्त पगारावर दुसरीकडे जातात." जातात, खरं आहे. न शिकवता ठेवलेल्याही जातात, दर दिवाळीनंतर निम्म्या परत येत नाहीत, हे चालकांनाच विचारा. "आमच्याकडे वीस वर्षांचा अनुभव असलेल्या मावशी आहेत." असतील, आणि नव्यांना शिकवायला त्यांच्यासारखं माणूस नाही, त्यांना प्रशिक्षक करा, त्याचे वेगळे पैसे द्या. उरला खर्च. वीस कर्मचारी आणि चाळीस रहिवासी असलेला आश्रम धरू. माणशी 12 तास म्हणजे वर्षाला 240 तास. तासाला 80 रुपये धरले तर 19,200 रुपये. दर महिन्याला शिकवायला येणाऱ्या परिचारिकेला किंवा फिजिओथेरपिस्टला 2,000 रुपये, म्हणजे वर्षाला 24,000. बेरीज 43,200. चाळीस रहिवाशांत वाटलं की माणशी महिन्याला 90 रुपये पडतात. एवढ्यात मोठ्यांचे दोन-तीन डायपर येतात. फी वाढेल म्हणून घाबरवणाऱ्यांनी हा हिशेब खोडून दाखवावा.

खरी अडचण ब्युरोची आहे. अनेक आश्रम मावशींना थेट कामावर ठेवत नाहीत. ब्युरो माणूस पाठवतो, कमिशन कापतो, पंधरा दिवसांनी बदलतो. शिकवायचं कोणी? आश्रम ब्युरोकडे बोट दाखवतो, ब्युरो म्हणतो आम्ही ट्रेन्ड बायकाच देतो. हे ट्रेनिंग म्हणजे पुष्कळदा एक लॅमिनेट केलेलं ओळखपत्र असतं. ज्याच्या छपराखाली काम होतं त्याचीच जबाबदारी, असं आमचं स्पष्ट मत आहे. शिकलेल्या तासांची वही मात्र मावशींच्या मालकीची असावी, म्हणजे आश्रम बदलला तरी ती त्यांच्याबरोबर जाईल आणि पुढचा पगार ठरवताना टेबलावर ठेवता येईल.

यात मावशींचाही जीव आहे. सत्तर किलोच्या माणसाला काखेत हात घालून एकटीनं उचलल्यानं त्याचा खांदा निखळू शकतो आणि मावशींची कंबर कायमची जाऊ शकते. नांदेड-लातूरकडून आलेली, पोरं गावी ठेवलेली बाई चाळिशीत कंबर धरून बसली की तिला कोणता आश्रम सांभाळतो? बारा तासांच्या पाळीनंतर किंवा हक्काच्या सुट्टीच्या दिवशी तिला वर्गात बसवायचं आणि वर ते तास फुकट धरायचे, याला आमचा विरोध आहे. असं शिक्षण ती डुलक्या घेतच घेणार.

ज्यांचे आईवडील आश्रमात आहेत त्यांनी या महिन्याची फी भरताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात: गेल्या वर्षात कर्मचाऱ्यांचे किती वर्ग झाले, कोणत्या विषयांचे, आणि त्या तासांचा पगार दिला का. उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा मागावं, आणि पत्राची प्रत जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांना पाठवावी. हे पत्रक आश्रमाच्या सूचनाफलकावर लावायला चालकांनी नकार दिला तर ते मावशींच्या हातात द्या. वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवा.

— आश्रमांत आईवडील असलेली काही मुलं, मुली, सुना आणि जावई