वकिलाची सनद आणि अशिलाचा हक्क

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालय आहे, उच्च न्यायालयाचे खंडपीठही आहे. तेथे येणारा आपला खेड्यातील अशील वकिलापुढे हात जोडून उभा राहतो. तारीख कोणती, दावा दाखल झाला की नाही, हे विचारण्याचेही धैर्य त्यास होत नाही. वाचकहो, जी मान तुम्ही शतकांच्या जोखडातून सोडविली, ती काळ्या कोटापुढे पुन्हा का वाकवावी? मी स्वतः वकील आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: वकीलपत्र देणे म्हणजे आपले हक्क गहाण ठेवणे नव्हे.

1961 च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 35 अन्वये गैरवर्तन करणाऱ्या वकिलाविरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. तीत तथ्य दिसल्यास प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीपुढे जाते. उभयतांचे म्हणणे ऐकून समिती वकिलास ताकीद देऊ शकते, त्याची सनद काही काळ स्थगित करू शकते, अथवा त्याचे नाव पटावरून काढू शकते. वर्षभरात निकाल न झाल्यास प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते.

हे केवळ कागदी शब्द नव्हेत. मुंबईतील फौजदारी न्यायालयाच्या दाराशी अशिलांवर झडप घालणाऱ्या काही वकिलांना राज्य कौन्सिलने दोषी ठरविले. भारतीय कौन्सिलने त्यांना सोडले. तेव्हा राज्य कौन्सिलला अपिलाचा अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 1975 मध्ये दिला. कौन्सिल ही वकिलांची ढाल नसून लोकहिताची रखवालदार आहे, हाच त्याचा अर्थ. तमिळनाडूत एका वृद्ध, बहिऱ्या अशिलाकडून पैसे घेऊन दावेच दाखल न करणाऱ्या वकिलाचा दोष याच न्यायालयाने 1978 मध्ये कायम केला. फीसाठी अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे त्याने 2000 साली सांगितले.

14 मे 2024 च्या निकालाने ग्राहक न्यायालयाचा मार्ग मात्र बंद झाला. त्यामुळे बार कौन्सिलचा मार्ग जाणून घेणे अधिकच अगत्याचे झाले आहे.

परंतु विवेक सोडू नका. खटला हरणे हे वकिलाचे गैरवर्तन नव्हे. प्रामाणिक वकीलही हरतो. फसवणूक, पैशांचा अपहार, अक्षम्य हयगय यांचीच तक्रार करा. त्यासाठी दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या, तारखा वहीत टिपा, विचारणा लेखी करा व तिची नक्कल जवळ ठेवा. तक्रारीवर सही करून ती सत्यापित करा. पुढे कोणी तडजोडीचा आग्रह धरील. परंतु केवळ तडजोड झाली म्हणून कौन्सिलपुढील प्रकरण संपत नाही, असा नियमच आहे. वकील बदलण्यास पैसा नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने अनुसूचित जातींच्या व्यक्तींना व सर्व स्त्रियांना तेथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

तुम्ही गप्प राहिलात तर तोच वकील उद्या तुमच्या शेजाऱ्याचे वकीलपत्र घेईल. म्हणून लिहा, सही करा आणि उत्तर मागा.