अव्हेरलेल्या दानाचें ऋण

परदेशांतील एखाद्या कुटुंबानें दरमहा ठराविक रक्कम पाठवावी आणि तीवर येथील एका गरीब मुलाची शाळा, औषधपाणी व जेवणखाण चालावें, अशी कित्येक ख्रिस्ती धर्मादाय संस्थांची पद्धति आहे. देणाऱ्याला मुलाचें छायाचित्र येतें, पत्रें येतात. कोरियांतील युद्धानें पोरक्या झालेल्या मुलांसाठीं १९५२ सालीं निघालेली ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ ही अमेरिकन संस्था त्यांतील प्रमुख. २०१६ सालीं गृहमंत्रालयानें तिच्या पैशावर पूर्वपरवानगीचा निर्बंध घातला. पैसा धर्मांतराकडे जातो, हा आक्षेप; संस्थेनें तो नाकारला. मार्च २०१७ मध्यें तिनें भारतांतील काम आटोपलें, तेव्हां सुमारे १,४५,००० मुलें तिच्या आश्रयाखालीं होतीं.

आक्षेप सर्वस्वी पोकळ होता, असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांना येशूच्या नांवानें दारिद्र्यांतून सोडवावें, हें त्या संस्थेचें उघड ब्रीदच आहे. भुकेल्या बालकाच्या ताटाशेजारीं धर्मग्रंथ ठेवल्यावर त्याच्या संमतीला अर्थ तो काय उरला?

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ब्रूस वायडिक प्रभृति तीन अर्थशास्त्रज्ञांनीं सहा देशांत या संस्थेच्या कार्याची पाहणी केली. भारत त्यांपैकीं एक. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, आश्रय मिळालेल्या मुलांचें शिक्षण सरासरीनें एक ते दीड वर्ष अधिक झालें. म्हणजे जें बंद पडलें तें केवळ धर्मप्रसाराचें दुकान नव्हतें. मग त्या दिवशीं समाधानाचा सुस्कारा टाकणाऱ्यांपैकीं किती जणांनीं त्यांतील एका तरी मुलाची चौकशी केली?

महाराष्ट्राला हा वाद नवा नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं अमेरिकन मदतीवर शारदासदन काढलें. मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात म्हणून १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांनीं सदनाशीं संबंध तोडला. कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. टीकाकारांचा त्या वेळीं तोटा नव्हता. धोंडो केशव कर्वे यांनीं मात्र १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला. त्यांच्या पत्नी सदनाच्याच विद्यार्थिनी. परक्याचें दान नको असेल तर आपलें उभें करावें लागतें, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें.

कोणी म्हणेल, सरकार आहे, २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आहे. आहे खरा. पण तापानें फणफणलेल्या मुलाला डॉक्टरकडे नेणारें आणि ‘यंदा गणितांत किती मिळाले?’ असें विचारणारें माणूस कायद्याला पुरवितां येत नाहीं. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांना आमच्या वाडवडिलांनीं पोसलें, याचा आम्हांस अभिमान आहे. पण तें ताट बहुधा आपल्याच जातीच्या मुलापुढें वाढलें जाई, हेंही विसरतां कामा नये.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच. ज्यांना मिशनऱ्यांची अट खटकते, त्यांनीं एका परक्या मुलाचें शिक्षण पत्कराव्याशिवाय निषेधाचा शब्द उच्चारूं नये. आणि त्या मुलाकडून प्रार्थनाही मागूं नये, आरतीही मागूं नये. दुसऱ्याच्या मुलापुढचें ताट उचलण्याचा अधिकार, दुसरें ताट हातांत घेऊन येणाऱ्यासच आहे.