आकडे माणसांसाठी छापा रे!

बजाजनगरात शिफ्ट सुटली की चहाच्या टपरीवर 'आज पंधरा मायक्रॉन जास्त गेलं' अशी बोलणी कानावर पडतात. 'दीड गुणिले दहाचा उणे पाचवा घात मीटर' असं बोलणारा माणूस मला वाळूज एमआयडीसीत अजून भेटायचाय. मग आपण सॉफ्टवेअरवाले मशीनच्या स्क्रीनवर '१.५ई-०५' का छापतो?

आळस, दुसरं काय! सी भाषेच्या प्रिंटएफमध्ये 'ई' आहे, 'एफ' आहे, 'जी' आहे, पण इंजिनिअरिंग नोटेशन नाही. म्हणजे घात कायम तीनच्या पटीत आणि पुढचा आकडा १ पासून १००० च्या आत, मिली-मायक्रो-नॅनोत थेट बसणारा. कॅसिओच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर यासाठी अख्खं 'ईएनजी' बटण आहे. आपल्याला मात्र फंक्शन लिहायचा कंटाळा.

यावर ठरलेलं उत्तर: "ऑपरेटरला शिकवा की!" अहो, पहाटे चार वाजता ४.७ई-०४ आणि ४.७ई-०५ यात फरक शेवटच्या एका अंकाचा, आणि चूक दहापटीची. ४७० मायक्रॉन आणि ४७ मायक्रॉन झोपेतही वेगळे दिसतात. जॉब रिजेक्ट झाला तर बोलणी ऑपरेटर खाणार, फॉरमॅट स्ट्रिंग लिहिणारा नव्हे.

बरं, 'दहा ओळींचं तर काम' म्हणून लिहायला बसणारेही घोळ घालतात. सीमध्ये उणे ४ भागिले ३ केलं की उणे १ येतं, हवं असतं उणे २. झालं, ४७० मायक्रोऐवजी ०.४७ मिली! ९९९.९६ एका दशांशाला राउंड केलं की १०००.० होतं, तेव्हा घात पुन्हा तीनने वाढवावा लागतो. शून्याचा लॉग घेतलात तर संपलंच. पायथॉनच्या डेसिमलमध्ये तयार फंक्शन आहे म्हणणाऱ्यांनो, त्याच्या 'टू-ईएनजी-स्ट्रिंग'ला ०.०००४७ देऊन बघा. जसंच्या तसं परत मिळेल.

पैशांना मात्र हे लावू नका. 'सहाशे किलो रुपये' पॅकेज कोणी सांगत नाही, तिथे लाख-कोटीच हवेत. मुद्दा एकच: वाचणारा ज्या एककात बोलतो, त्यातच छापा.

पुढच्या कोड रिव्ह्यूत ऑपरेटरच्या स्क्रीनवर नुसता 'ई' दिसला तर परत पाठवा. मी तर पाठवणारच.