पंडितांचे दोन करंडक, गनींचा एक

प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित यांनी विदर्भाला दोन रणजी करंडक मिळवून दिले, उस्मान गनी यांनी एक. तेवढ्यावर निकाल लावायचा तर वादाला जागाच नाही, आणि बहुतेक जण तो तेवढ्यावरच लावतात. पंडितांचे काम लहान नव्हतेच. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने साठ वर्षांत अंतिम फेरीचे तोंड पाहिले नव्हते. वर्षानुवर्षे प्लेट गटात खितपत पडलेल्या या संघाला आचरेकर सरांच्या तालमीत वाढलेला, मुंबईच्या 'खडूस' क्रिकेटचा हा माणूस २०१७ मध्ये मिळाला आणि पहिल्याच हंगामात, १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरला दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव झाला. त्या सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली. पुढच्या वर्षी सौराष्ट्रला ७८ धावांनी हरवून करंडक नागपुरातच राहिला. दोन्ही वर्षी इराणी करंडकही आला. आपल्या हातून असे काही होत नसते, ही वैदर्भीय समजूत पंडितांनी मोडली. हे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. पण वारसा म्हणजे पराक्रम नव्हे. माणूस निघून गेल्यावर मागे जे उभे राहते तो वारसा, आणि त्या मापाने माझे पारडे गनींकडे झुकते.

पुरावा पंडितांच्या शेवटच्या हंगामापासून सुरू होतो. २०१९-२० मध्ये दोन वेळचा विजेता विदर्भ बाद फेरीतही पोहोचला नाही. पुढचा हंगाम करोनाने गिळला. २०२१-२२ आणि २०२२-२३ मध्येही उपांत्यपूर्व फेरीच्या यादीत विदर्भाचे नाव नव्हते. दरम्यान पंडित मध्य प्रदेशात गेले आणि २०२२ मध्ये मुंबईला हरवून त्यांनी त्या राज्यालाही पहिला रणजी करंडक मिळवून दिला. म्हणजे जादू त्यांच्यात होती आणि ती त्यांच्याबरोबरच गेली. हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलला आपल्या रणजीहून कितीतरी अधिक गर्दी होते. तिथल्या अलाबामा विद्यापीठात बेअर ब्रायंट १९८२ मध्ये सहा राष्ट्रीय विजेतेपदे मागे ठेवून निवृत्त झाले. निक सेबन २००७ मध्ये येईपर्यंतच्या पंचवीस वर्षांत त्या विद्यापीठाला एकच विजेतेपद मिळाले, १९९२ चे. थोर प्रशिक्षकाच्या सावलीत रोपटी लवकर वाढत नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा की पडझडीचा दोष पंडितांच्या माथी कशाला? वासिम जाफर चाळिशी ओलांडून गेला होता, कर्णधार फैज फजलची पिढी उतरणीला लागली होती. खरे आहे. २०१८-१९ च्या हंगामात जाफरने हजारावर धावा केल्या होत्या आणि अशा फलंदाजाची जागा कोणीही रातोरात भरून काढत नाही. पण नेमका हाच मुद्दा आहे. जागा भरणारे तयार आहेत का, हे पाहणे जिंकण्याइतकेच मोठे काम असते. गनी हे विदर्भाचेच जुने रणजीपटू. त्यांच्या हाताखाली संघ मार्च २०२४ मध्ये अंतिम फेरीत गेला. वाटेत नागपुरात त्याने पंडितांनीच घडवलेल्या मध्य प्रदेशला ६२ धावांनी हरवले. वानखेडेवर मुंबईपुढे ५३८ चे लक्ष्य झेपले नाही, पण विदर्भाने चौथ्या डावात ३६८ पर्यंत झुंज दिली. पुढच्याच वर्षी उपांत्य सामन्यात त्याच मुंबईचा ८० धावांनी पराभव झाला. मग २ मार्च २०२५ रोजी केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामात इतके बळी त्याआधी कोणी घेतले नव्हते. यश राठोडच्या ९६० धावा झाल्या, आणि पहिलाच हंगाम खेळणाऱ्या दानिश मालेवारने अंतिम सामन्यात १५३ काढल्या. ही तिन्ही पोरे इथल्याच मातीतली.

दुसरा आक्षेप पाहुण्या खेळाडूंचा. करुण नायर आणि ध्रुव शोरी यांच्याविना गनींना करंडक मिळाला असता का? अंतिम सामन्यात नायरच्या ८६ आणि १३५ धावा होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नायर कर्नाटकात परतल्यावर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवून इराणी करंडक जिंकला. त्याहून बोलका पुरावा आदित्य सरवटेचा. २०१९ च्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेणारा हा नायक २०२५ च्या अंतिम सामन्यात केरळकडून खेळत होता. त्याने ७९ धावाही काढल्या, तरी विदर्भाचे काही अडले नाही. घरच्या मैदानावर आघाडीवर जिंकले म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की २०१९ चा सामनाही नागपुरातच झाला होता, आणि केरळ तर उपांत्यपूर्व फेरीत एका धावेच्या व उपांत्य फेरीत दोन धावांच्या आघाडीवर अंतिम सामन्यात आले होते.

अर्थात, हे सारे गनींचेही एकट्याचे नाही. पारस म्हांब्रे प्रशिक्षक असताना संघ बाद फेरीपर्यंत जाऊ लागला होता, गोलंदाजी प्रशिक्षक सुब्रतो बॅनर्जी यांनी वेगवान गोलंदाज घासूनपुसून काढले, आणि विदर्भ क्रिकेट संघटनेच्या (व्हीसीए) अकादमीत मुले राहून शिकू लागली. गनींनी हे पेरलेले ओळखले आणि वेळेवर कापले. मला मोठेपण त्यात दिसते. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीसारख्या कोळसापट्ट्यातून पाहिले तर या दोघांच्याही वारशाची एक मर्यादा नजरेतून सुटत नाही. विदर्भाचा पहिला कसोटीपटू उमेश यादव वलनीच्या खाण वसाहतीतला, वडील कोळसा खाणीत कामगार. विशीपर्यंत तो टेनिस बॉलवर खेळला. त्याला घडवून वर आणणारी साखळी नव्हती, त्याचा वेग लपण्यासारखा नव्हता एवढेच. पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकायचा, म्हणून तोही डोळ्यांत भरला. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) खाण वसाहतींतली किंवा गडचिरोलीच्या आश्रमशाळांतली साधी, नीटस, पण चमत्कार नसलेली फलंदाजी करणारी पोरे मात्र अशी डोळ्यांत भरत नाहीत. त्यांना रोज पाहणारा कोणीतरी लागतो. रणजी प्रशिक्षकाचे ते काम नव्हे, असे कोणी म्हणेल आणि नियमाने ते बरोबरही आहे. पण तीन करंडक आणणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाचे म्हणणे व्हीसीएत ऐकले जाते. पंडित बाहेरचे होते, ठरलेल्या कामापुरते आले होते, त्यांच्याकडून ही अपेक्षा धरता येत नव्हती. गनी घरचे आहेत. चंद्रपूर, वणी, गडचिरोलीत वर्षभर राबणारे पगारी प्रशिक्षक नेमा, हे त्यांनी संघटनेला सांगावे, आणि ते करंडकाची आठवण ताजी असतानाच सांगावे.