काम सातासमुद्रापार का जाते?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील वैद्यकीय संस्थेने २०१६ साली आपल्या संगणक विभागातील ४९ कायम कर्मचाऱ्यांना कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांचे बरेचसे काम एचसीएल या भारतीय कंपनीकडे सोपवण्यात येणार होते. पाच वर्षांत तीन कोटी डॉलरहून अधिक बचत होईल, असे संस्थेचे गणित होते. फेब्रुवारी २०१७ अखेर हे कर्मचारी घरी गेले. तत्पूर्वी, आपल्या जागी येणाऱ्यांना काम समजावून देण्याची पाळीही त्यांच्यावर आली.

असे निर्णय का घेतले जातात? वेतनातील तफावत हे पहिले व उघड कारण. परंतु केवळ स्वस्ताई पुरेशी असती, तर हे काम आपल्याहून गरीब देशांकडे केव्हाच गेले असते. इंग्रजी जाणणारे अभियंते मोठ्या संख्येने एके ठिकाणी मिळणे, हे दुसरे कारण. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी १९८५ सालीच बंगळूरला आली, ती याच मनुष्यबळासाठी. १९९१ पासून सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेमुळे दळणवळणाची सोय झाली. पुढे सन २००० जवळ आले, तेव्हा वर्षाचे दोनच अंक नोंदवणारे जुने प्रोग्राम दुरुस्त करण्याचे किचकट काम भारतीयांनी वेळेत पार पाडले आणि विश्वास संपादन केला.

तिसरे कारण घड्याळाचे. सॅन फ्रान्सिस्को आणि पुणे यांच्या वेळेत साडेबारा ते साडेतेरा तासांचे अंतर आहे. तिकडे रात्र असताना इकडे काम चालू राहते. चौथे कारण क्वचितच बोलले जाते. कराराने काम दिले, की माणसे वाढवण्याची वा कमी करण्याची डोकेदुखी दुसऱ्याची होते.

आज चित्र पालटले आहे. परदेशी कंपन्या येथे स्वतःचीच केंद्रे उघडत आहेत. २०२४ मध्ये अशा केंद्रांची संख्या १,७०० हून अधिक होती व त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करीत होते. स्वस्ताईमुळे आलेले काम कौशल्यामुळे टिकले, असा याचा अर्थ.

तथापि निश्चिंत राहण्याचे कारण नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या व वरच्या फळीतील लोक अधिक होते. पायरी-पायरीने लिहून देता येणारे काम दूरदेशीच्या माणसाला देता येते, तसेच उद्या यंत्रालाही देता येते. म्हणून मुलांना संगणक शाखेत घालताना केवळ पहिल्या पगाराचा आकडा पाहू नये. अडचण ओळखणे, माणसांशी बोलून तिचा उलगडा करणे आणि सतत शिकत राहणे, हीच खरी शिदोरी. आणि आपल्या घरी आलेल्या प्रत्येक नोकरीमागे कुणाची तरी गेलेली नोकरी असू शकते, याचेही भान असावे. ज्या हिशेबाने ते ४९ जण घरी गेले, तो हिशेब कोणत्याच देशाचा सगासोयरा नसतो.