जुन्या भिंतींना नवी नोकरी

‘पाडा आणि बांधा’ हा आपल्या मुंबईचा फंडा. टॉवर उभा राहिला की झाली प्रगती! पण आर्किटेक्ट मंडळींमधली एक जमात उलटा विचार करते. इमारत जुनीच ठेवायची, काम मात्र नवं द्यायचं. याचं नाव ॲडॅप्टिव्ह रीयूज.

माझं लाडकं उदाहरण म्हणजे फोर्टातलं एनजीएमए. मूळचा १९११ सालचा कावसजी जहांगीर हॉल. इथे मैफली झाल्या, कामगारांच्या सभा झाल्या, बॉक्सिंगच्या मॅचेस झाल्या, लग्नंसुद्धा लागली! मग आर्किटेक्ट रोमी खोसला यांनी बाहेरचं रूप तसंच ठेवून आत अर्धवर्तुळाकार गॅलऱ्यांचे मजले बसवले आणि १९९६ मध्ये हॉलचं आर्ट म्युझियम झालं.

हे काम नुसत्या रंगसफेदीचं नव्हे, बरं का. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते नि भिंत खंगत जाते. आधी इमारतीची नाडी बघावी लागते.

तुमचं ऑफिस एखाद्या मिलच्या जुन्या शेडमध्ये असेल, तर जरा वर बघा. करवती छताच्या उत्तरेकडच्या काचा मागावरच्या कामासाठी होत्या. उजेड भरपूर, ऊन नाही. आता तोच उजेड तुमच्या कीबोर्डवर पडतो.

मला टोचतं ते वेगळंच. १९८२ च्या संपानंतर लाखाहून जास्त गिरणी कामगारांचा रोजगार गेला. लोअर परळच्या फिनिक्सची चिमणी मॉलमध्ये अजून दिमाखात उभी आहे. विटांचं पुनर्वसन झालं, बॉस. माणसांचं?